काळजातली दुसरी लाइन

“या जगात कधीही बंद न पडणाऱ्या गोष्टी दोनच,” शिडीच्या सातव्या पायरीवरून मुअल्लिम, म्हणजे मिस्त्री, वजीह दब्बूसीनं खाली जमलेल्या चारचौघांना बजावलं. “एक अल्लाची दया आणि दुसरी माझी मोटर.”

मोटर बंद पडली.

खालच्या चारचौघांपैकी कोणी हसलं नाही. मीना बंदरातली माणसं असल्या रोजच्या गोष्टींना हसत नाहीत. मित्री मासेवाल्यानं दिवा गेलेला पाहून बर्फावर ओलं पोतं ओढलं. समोरच्या न्हाव्यानं अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीसकट दारात, उजेडाला आणलं. गिऱ्हाइकानंही वर्तमानपत्राचं पान न चुकता पुढं वाचायला घेतलं.

मोटर म्हणजे गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत ठेवलेला डिझेलचा जनरेटर. त्यावर एकशे चाळीस घरं चालत, प्रत्येकाच्या वाट्याला पाच अँपिअर. त्या एकशे चाळीस तारा एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की वरून उडणारी कबुतरंसुद्धा वळसा घालून जात. कुठली तार कोणाच्या स्वयंपाकघरात जाते हे फक्त वजीहला ठाऊक होतं, आणि म्हणूनच अठ्ठावन्नाव्या वर्षीही शिडीवर तोच चढत होता.

बाकीची वीज सरकारची. ती आली की ‘वीज आली’ असं मीनात कोणी म्हणत नाही, ‘सरकार आलं’ म्हणतात. सरकार दिवसातून दोन तास येतं, कधी येणार ते सांगत नाही आणि जाताना निरोप घेत नाही. त्यामुळं कपडे धुवायचं यंत्र लावणारी बाई असो की लिफ्टमध्ये पाय टाकणारा पाहुणा, आधी एकच प्रश्न विचारतो, “सरकार की मोटर?” मोटर असेल तर पाहुणा जिन्यानं जातो.

तर मोटर बंद पडली ती डिझेलच्या गाळणीत कचरा अडकल्यामुळं, आणि एरवी सहा मिनिटांत चालूही झाली असती. पण वजीह घाईनं शिडी उतरायला लागला आणि पाचव्या पायरीवर त्याच्या छातीतलं पाखरू उडालं.

हे पाखरू जुनं. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा उडालं होतं. मधूनच, काही कारण नसताना, कोणीतरी खटका दाबावा तसं काळीज एकदम दोनशेच्या चालीनं धावायला लागायचं आणि तसाच खटका दाबावा तसं थांबायचं. वजीहनं त्यावर स्वतःच औषध शोधलं होतं. मित्रीच्या दुकानात जायचं, बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत तोंड बुडवायचं आणि तीस आकडे मोजायचे. मित्री कॉलर धरून ठेवायचा. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या आकड्याला पाखरू बसायचं. भुवयांना दिवसभर बोई माशाचा वास यायचा, तेवढंच.

या खेपेला टबापर्यंत जाणं झालंच नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि उरलेल्या पाच पायऱ्या वजीह त्यांचा उपयोग न करता उतरला. सुदैवानं खाली मित्रीच्या तारल्यांच्या टोपल्या होत्या.

“कुठं लागलं?” मित्रीनं विचारलं.

“खांद्याला.”

“तारल्यांना?”

“त्यांना आता काय लागायचंय?”

तोवर नजाह आली. नजाह ही वजीहची बायको. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली होती, आणि तिचा आवाज मात्र अजून नोकरीत होता. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं, पंधरा सेकंद मोजले, चारनं गुणलं.

“दोनशे आठ,” ती म्हणाली. “मित्री, टॅक्सी.”

*

त्रिपोली शहरातल्या इस्पितळात पोचेपर्यंत पाखरू बसलं होतं. वजीहचं म्हणणं, आता परत फिरावं. नजाहनं या म्हणण्याकडं, फळ्याशी उभं राहून मागच्या बाकावरच्या मुलीकडं पाहावं तसं पाहिलं.

काळजाच्या विजेची डॉक्टर गल्लीतलीच निघाली. पावाच्या भट्टीवाल्या फव्वाजची मुलगी सुलाफ. फ्रान्समध्ये लियोंला बारा वर्षं शिकून वर्षापूर्वीच परतली होती. तिनं छातीला चकत्या चिकटवल्या, कागदाची पट्टी काढली, पट्टीकडं बघून अंगठ्याचं नख चावलं आणि खुर्ची जवळ ओढली.

“अम्मो, नीट ऐका.”

“बोल अम्मो,” वजीह म्हणाला. अम्मो म्हणजे काका. मीनात पुतणी काकाला अम्मो म्हणते आणि काकाही पुतणीला अम्मोच म्हणतो. कोण कोणाचा काका ते आवाजावरून ओळखायचं.

सुलाफनं सांगितलं, की हृदयाला दोन मजले असतात. ठिणगी वरच्या मजल्यावर पडते आणि खालच्या मजल्यावर जाते. जायची वाट एकच, आणि त्या वाटेवर एक पहारेकरी बसलेला असतो. तो प्रत्येक ठोक्याला क्षणभर थांबवतो, विचारपूस करतो आणि मग खाली सोडतो. वजीहच्या हृदयात मात्र बाजूनं आणखी एक वाट होती. स्नायूचा केसाएवढा धागा. तिथं पहारेकरी नाही. तिनं पट्टीवर बोट ठेवलं, “हे बघा, इतरांच्या इथं सपाट जागा असते, थांबण्याची. तुमच्या इथं लगेच चढण सुरू होते. ठोका वेळेआधीच खाली पोचतोय.”

वजीहनं पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

तेव्हा सुलाफनं जे केलं त्याचा तिला पुढं तीन आठवडे पश्चात्ताप झाला.

“अम्मो, असं धरा,” ती म्हणाली. “एक लाइन सरकारची. दुसरी मोटरची.”

वजीह ताठ बसला. नजाहनं डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षं संसार केल्यावर पुढचं काय ते बाईला न बघता दिसतं.

“मला मोटर आहे?”

“एका अर्थी.”

“आतून?”

“हो. पण काळजी करू नका, उपाय सोपा आहे. मांडीच्या शिरेतून एक बारीक तार वर हृदयापर्यंत नेते, त्या धाग्याला टोकानं चटका देते, संपलं. दुसऱ्या दिवशी घरी.”

“म्हणजे सरकारची लाइन ठेवायची,” वजीह एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “आणि मोटरची तोडायची.”

“बरोबर.”

“अम्मो, तू शिकायला कुठं होतीस?”

“लियोंला.”

“तिथं सरकार किती तास असतं?”

“चोवीस.”

“तरीच,” वजीह म्हणाला आणि सदऱ्याची बटणं लावायला लागला.

सुलाफनं खूप सांगितलं. हे रोज होईल असं नाही, वर्षानुवर्षं काही होणारही नाही. पण एखाद्या दिवशी हे पाखरू भलतीकडं भरकटलं तर तुम्ही शिडीवरून नाही, जगातूनच उतराल, असं स्पष्ट सांगितलं. वजीहनं ते शांतपणे ऐकून घेतलं. त्याचं उत्तर एकच होतं. मीना बंदरात सगळं सोडून देणारी माणसं त्यानं पाहिली होती. बायको सोडलेली, देश सोडलेली, नमाज सोडलेली, सिगारेटसुद्धा सोडलेली. चालू मोटर सोडून सरकारच्या भरवशावर राहिलेला एकही माणूस त्यानं पाहिला नव्हता, आणि तो पहिला होणार नव्हता.

*

बातमी वजीहच्या आधी गल्लीत पोचली, आणि पोचेपर्यंत चांगलं बाळसं धरून होती. न्हाव्यानं दारातच हात हातात घेऊन अभिनंदन केलं. समोरच्या गच्चीतून कोणीतरी विचारलं, किती अँपिअरची आहे. भट्टीवाला फव्वाज, म्हणजे डॉक्टरीणबाईंचा सख्खा बाप, खासगीत म्हणाला, “पोरगी हुशार आहे वजीह, पण बारा वर्षं बाहेर राहिली. तिला काय माहीत इथं कसं जगायचं ते.”

मित्रीच्या दुकानात मासे साफ करता करता रीतसर चर्चा झाली.

“मला विचारशील तर,” मित्री सुरी पुसत म्हणाला, “माझ्या दुकानाला सरकार आहे, मोटर आहे, वरती सौर पत्रा आहे. तरी शनिवारी कोळंबी गेली. आणि तुझ्याकडं दोनच लाइन. त्यातली एक तोडतोस?”

“तेच म्हणतो मी.”

“उद्या सरकार गेलं, तर? काळजाला मेणबत्ती लावणारेस?”

“तेच म्हटलं मी तिला.”

नजाहनं या चर्चेत भाग घेतला नाही. तिनं एवढंच केलं, शिडी आडवी करून घराच्या गच्चीत ठेवली, तिच्यावर चादर पसरली आणि चादरीवर मुलुखियाच्या भाजीची पानं वाळत घातली. मुलुखिया वाळायला आठवडा लागतो आणि वाळत घातलेल्या मुलुखियाला मीनातला कुठलाही नवरा हात लावत नाही. आठवडा संपला तेव्हा तिनं पुदिना घातला.

शिडीशिवाय वजीह गल्लीभर जमिनीवरून फिरायला लागला. वर हात करून तो लोकांना तारा दाखवायचा. “ती काळी नव्हे, तिच्यामागची काळी. जिच्यावर मोजा लटकलाय ती.” लोक आपापल्या खिडकीतून झाडूच्या दांड्यानं ती हलवायचे आणि भलत्याच घरातला पंखा थांबायचा. दहा दिवसांत गल्लीतल्याच उम्म मुनीरच्या घरात तीन जणांचे अँपिअर गेले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ती एका वेळी इस्त्री आणि ओव्हन लावत होती आणि वजीहच्या तब्येतीला उतार पडू नये अशी मनापासून प्रार्थना करत होती.

मग मंगळवारी, भर दुपारी, वजीह मित्रीच्या बाकावर बसून एका परक्या गिऱ्हाइकाला आपल्या आतल्या मोटरीची हकीकत सांगत होता. “फ्रान्सच्या मशीनवर दिसली,” तो म्हणाला, आणि पाखरू उडालं.

उठला, टबात तोंड घातलं. मित्रीनं कॉलर धरली आणि मोठ्यानं आकडे मोजले. तीसला पाखरू बसलं नाही. वजीहनं श्वास घेऊन पुन्हा तोंड घातलं. साठलाही नाही. नव्वदला मित्रीचा आकडा चुकला आणि तो नव्वदच दोनदा म्हणाला. त्यानंतर दोघांनी त्याला बाकावर आडवा केला. गिऱ्हाइक टोपी काढून उभं राहिलं. ते पाहून वजीहला फार वाईट वाटलं.

वीस मिनिटं गेली. गल्लीच्या टोकाला मोटर आपल्या चालीनं धडधडत होती आणि छातीतली तिच्या दुप्पट चालीनं. तीस वर्षं तो या आवाजाला झोपला होता, उठला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं, की दोन्हींतलं एक कोणीतरी बंद करावं. कुठलं, ते ठरवायचा धीर झाला नाही. डोळ्यांपुढं सारखी नजाह येत होती, घड्याळ बघत, पंधरा सेकंद मोजत, आणि पुढं कशानं गुणायचं ते न सुचून थांबलेली.

पाखरू बसलं तेव्हा तो हळूच म्हणाला, “मित्री, नजाहला सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू?” मित्री म्हणाला. “ती पाच मिनिटं झाली तुझ्या डोक्याशी उभी आहे.”

*

नजाह तिथून घरी गेली नाही. सरळ फव्वाजच्या भट्टीवर गेली. सुलाफ तिथं सुट्टीच्या दिवशी बापाशी गप्पा मारत झातरचा मसाला लावलेली गरम मनाकीश रोटी खात उभी होती.

“त्याच्या डोक्यात ती मोटर तू घातलीस,” नजाह म्हणाली. “आता तूच काढ.”

“काकू, मी समजावून थकले.”

“तू शब्दांनी समजावलंस. तो शब्दांचा माणूस नाही. मी चाळीस वर्षं शब्दच वापरले.”

असं म्हणून तिनं सुलाफला हातातल्या मनाकीशसकट घरी आणलं.

वजीह पलंगावर उशीला टेकून बसला होता. कानामागं नेहमीची पेन्सिल होती. सुलाफनं नाडी पाहिली, कॉफी घेतली, आणि आता काय बोलावं ते न सुचल्यामुळं मनाकीशचा तेलकट कागद गुडघ्यावर पसरून वजीहची पेन्सिल मागितली. तिनं वरचा मजला काढला. खालचा मजला काढला. मधली वाट काढली, तिच्यावर पहारेकऱ्याचा ठिपका दिला. मग बाजूनं दुसरी वाट काढली.

वजीहनं कागद ओढून घेतला. काढलेली तार वाकडी असली की त्याला बघवत नसे. त्यानं दुसरी वाट खोडून सरळ केली, दोन्ही टोकांना जोडणीची खूण केली, आणि थांबला.

“खटका कुठाय?”

“कसला खटका?”

“चेंजओव्हर.”

मीनातल्या प्रत्येक घराच्या दारामागं काळ्या मुठीचा चेंजओव्हर असतो. मूठ वर केली की सरकार, खाली केली की मोटर. दोन्ही एकदम कधीच नाही. कारण दोन लाइन एकदम जोडल्या, की एकीकडून आलेला प्रवाह दुसरीकडून उलटा निघतो, फ्रिज जळतात, दिवे फुटतात, आणि दूरवर कुठल्यातरी खांबावर, तार मेलेली आहे असं समजून चढलेला माणूसही जातो. वजीहचा स्वभाव गोड. तीस वर्षांत त्यानं दोनच माणसांशी कायमचं बोलणं सोडलं होतं, आणि दोघांनीही चेंजओव्हर न बसवता परस्पर लाइन जोडली होती.

“तुमच्यात तसला खटका नाही,” सुलाफ म्हणाली.

“नाही?”

“नाही.”

“दोन्ही लाइन एकदम चालू?”

“कायम.”

वजीहनं कप खाली ठेवला. पेन्सिल त्याच्या हातात होती. तिचं टोक सरकारच्या लाइनवरून हळूहळू खाली गेलं, खालच्या मजल्यावरून आडवं गेलं, आणि मोटरच्या लाइनवरून उलटं वर चढलं. वर पोचून पुन्हा सरकारच्या लाइनला लागलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. चौथ्या फेऱ्याला कागद फाटला.

“गोल फिरतोय,” तो म्हणाला.

“तेच तुमचं पाखरू,” सुलाफ म्हणाली. ती स्वतःही कागदाकडं बघत राहिली होती. बारा वर्षांत तिला हे इतकं नीट कोणी काढून दाखवलं नव्हतं.

वजीहचा चेहरा लाल झाला. तो पलंगावरून पाय खाली सोडून बसला. आपल्या कामाचं कोणी असं मातेरं केलेलं त्याला सहन होत नसे, मग ते कुठंही असो.

“कुठल्या गाढवानं केलंय हे वायरिंग?”

नजाहनं कपांचा ट्रे अलगद टेबलावर ठेवला.

“जन्मतःच असतं, अम्मो,” सुलाफ म्हणाली.

वजीहनं छताकडं पाहिलं. मग मान खाली घालून तीनदा तौबा पुटपुटला, आणि कानाच्या पाळ्यांना हात लावला.

“त्याच्याकडं कामं फार असतात,” सुलाफनं समजूत घातली.

“एखादं हाताखालच्यांकडं जात असेल,” वजीह म्हणाला. इतका मोठा कारागीर. त्याच्याविषयी याहून जास्त बोलणं त्याला बरं दिसलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “पण मग फक्त सरकारवर राहायचं?”

“अम्मो, तुमचं हे सरकार अठ्ठावन्न वर्षांत एक मिनिटभरसुद्धा गेलेलं नाही.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

वजीहनं छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ, परक्या पाहुण्याकडं बघावं तसं, स्वतःच्या सदऱ्याकडं पाहिलं.

“कुठल्या देशाचं म्हणायचं हे सरकार?” त्यानं विचारलं.

*

पुढच्या गुरुवारी सकाळी त्याला इस्पितळात आणलं. झोपवायचं औषध त्यानं नाकारलं. कोणी वायरिंगला हात लावत असताना झोपणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. सुलाफनं मांडीपाशी बधिर केलं, जरा सुस्ती येईल एवढंच औषध दिलं आणि बारीक तारा शिरेतून वर सरकवल्या. नजाह काचेपलीकडच्या खोलीत बसली. तिच्या मांडीवर एक मोठी कापडी पिशवी होती आणि मनगटावर घड्याळ.

वजीहनं मान वळवून दिव्यांकडं पाहिलं. “अम्मो, आत्ता सरकार की मोटर?”

“मोटर. इस्पितळाची स्वतःची. दोन आहेत.”

“चेंजओव्हर?”

“आपोआप पडतो.”

“बसवला कोणी?”

“अम्मो, जरा गप्प पडता?”

तो तीन मिनिटं गप्प पडला. पडद्यावर तारांच्या सावल्या काळजाच्या कडेनं चाचपडत फिरत होत्या, आणि शेजारच्या पडद्यावर ठोके एकामागून एक चढण चढत होते. सुलाफ तार मिलिमीटरनं हलवायची, थांबायची, आकडे बघायची. वजीहला हे ओळखीचं होतं. भिंतीआडची तार शोधताना तोही असाच भिंतीला कान लावायचा.

“डावीकडं असेल,” तो म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“वाईट काम करणारा नेहमी कडेला जोडतो. तिथं कोणी बघत नाही.”

सुलाफ मास्कच्या आत हसली. धागा खरंच डावीकडच्या कडेला होता. तिनं तारेचं टोक टेकवलं, पायाखालचं बटण दाबलं आणि म्हणाली, “आता चटका.”

छातीत कोणीतरी कोमट चमचा टेकवावा तसं झालं. एक, दोन, तीन सेकंद. वजीहचे डोळे पडद्यावर होते. चौथ्या सेकंदाला, दोन ठोक्यांच्या मध्ये, चढण गेली. कोणी जिना पुसून जमीन सपाट करावी तशी. आता ठोका थांबत होता, क्षणभर विचारपूस होत होती, मग खाली उतरत होता. असा शिस्तीतला ठोका वजीहनं स्वतःच्या अंगात कधी पाहिला नव्हता.

“सोडू नकोस,” तो कुजबुजला. “सोल्डरचा टाका थंड होईपर्यंत धरून ठेव.”

“धरलाय.”

मिनिटभर धरला. मग अर्धा तास तिनं मुद्दाम ठोके लवकर पाठवून, डिवचून, ते पाखरू उडतंय का ते पाहिलं. नाना तऱ्हांनी डिवचलं. पाखरू उडालं नाही. उडायला फांदीच राहिली नव्हती. सुलाफनं तारा काढल्या, मांडीवर दाब दिला, मास्क खाली केला. काचेपलीकडं नजाहनं घड्याळ बघितलं नाही, मनगट पालथं घातलं आणि डोळ्यांना लावलं.

तिला आत घेतलं. ती पलंगाशी उभी राहिली, नवऱ्याचा हात धरला आणि काही मोजलं नाही.

सुलाफ हातमोजे काढत होती. एरवी ती काम झालं की पुढच्या पेशंटकडं जायची. आज ती तिथंच थांबली.

“अम्मो,” ती म्हणाली, “एक सांगायचं राहिलं होतं. बारावीच्या वर्षी मी आमच्या भट्टीच्या माळ्यावर अभ्यास करायची. सरकार नसायचंच. तुमची मोटर रात्री बाराला बंद व्हायची. परीक्षेच्या महिन्यात ती दोनला बंद व्हायला लागली. कोणी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. मला वाटलं, डिझेल उरलं असेल. लियोंला गेल्यावर एक दिवस लक्षात आलं, की डिझेल कधी उरत नाही.”

दोन्ही नर्सांनी हातातले ट्रे खाली ठेवले. त्यांतल्या एकीनं नाक ओढलं. यंत्रांवरची पोरंही मान वळवून बघत होती. वजीहच्या काळजाचा हिरवा ठोका पडद्यावर एकसारखा, शांतपणे चालत होता, आणि सगळे आता तो काय बोलतो याची वाट बघत होते.

वजीहचे ओठ हलले. सुस्तीमुळं आवाज बारीक होता. त्यानं बोटानं तिला जवळ बोलावलं. सुलाफ वाकली, कान त्याच्या तोंडाशी नेला.

“अम्मो,” तो म्हणाला, “आज गल्लीत मोटर बंद आहे. नजाहच्या पिशवीत अकरा मोबाइल आहेत. तेवढे जरा चार्जिंगला लाव.”